एका बटणावरची पॉवर

ताई, नमस्कार.

मी ३८ वर्षांचा. मानेवाड्याला राहतो, हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. घरी आई, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. शाळेत असताना बर्डीवरच्या एका गल्लीत व्हिडिओ गेम पार्लर होतं. तिथे मी 'किंग ऑफ फायटर्स ९७' खेळायचो. रुपयाचा एक कॉइन टाकला की मागे रांग लागायची आणि मी मशीन सोडायचो नाही. पुढे पार्लर बंद झालं, गेमही सुटला. चार वर्षांपूर्वी कळलं, की तोच गेम लोक आता कम्प्युटरवर, घरबसल्या, ऑनलाइन एकमेकांशी खेळतात. विदर्भातल्या पोरांचा एक ग्रुप भेटला. नागपूर, अमरावती, अकोला, वर्धा, चंद्रपूर. बुद्धिबळासारखं रेटिंग आहे, वर्षातून एकदा लीग होते.

पहिली दोन वर्षं मी सडकून मार खाल्ला. वीस-बावीस वर्षांची पोरं दहा-शून्य करून जायची. त्यात मागच्या हिवाळ्यापासून अंगठा दुखायला लागला. नेटचा लॅग, म्हणजे उशीर, वेगळाच. ऐन वेळी आयोरीची, म्हणजे गेममधल्या माझ्या फायटरची, पॉवर (त्याचा मोठा वार) निघायची नाही. मग मी कंट्रोलरच्या एका बटणावर ती अख्खी पॉवर बसवून घेतली. दाबलं की निघते. हे आमच्या नियमात चालत नाही. नियम लिहिताना मीही होतो.

लीगला ३२ जण होते, प्रत्येकी १०० रुपये. पहिल्याला २०००, दुसऱ्याला ८००, तिसऱ्याला ४००. फायनलला नऊ-नऊ झाले आणि शेवटचा गेम मी त्या बटणावर काढला. फक्त फायनलमध्येच वापरलं, तेही शेवटच्या तीन-चार गेममध्ये. समोर चंद्रपूरचा वीस वर्षांचा पोरगा होता, बापाच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. मला दादा म्हणतो. दोन महिन्यांपासून त्याचे मेसेज येऊन राहिले, "दादा, तुमची पॉवर इतकी फास्ट कशी निघते? मी रोज रात्री दोन तास प्रॅक्टिस करून राहिलो, नाही जमत." मी लिहिलं, "हात बसला की येते."

आता ग्रुपवाले मला नियम समितीचा प्रमुख करायला निघाले. ट्रॉफी मुलीनं टीव्हीशेजारी ठेवली आहे. एकीकडे वाटतं, अठ्ठावीस वर्षं जुना गेम, कोणाचं काय बिघडलं? दुसरीकडे झोप लागत नाही. काय करू?

— नाव छापू नका, मानेवाडा, नागपूर

*

भाऊ,

नाव छापत नाही. मानेवाडा काही लहान नाही, कोणी ओळखणार नाही.

तुमच्या पत्रात मी एकाच वाक्यापाशी अडखळले. 'हात बसला की येते.' बाकीच्या पत्रात तुम्ही जे केलंत ते एका रात्रीचं आहे. हे वाक्य मात्र अजून चालू आहे. मी हे लिहीत असताना चंद्रपुरात तो पोरगा दुकानाचं शटर ओढून, जेवून, कम्प्युटरसमोर बसला असेल.

मी स्वतः हे गेम खेळत नाही. पण प्रतापनगरात माझा भाचा आहे, त्याला या जुन्या गेमांचं भारी वेड. तुमचं पत्र आल्यावर त्याच्या खोलीत दोन रविवार खुर्ची टाकून बसले. (पत्र त्याला दाखवलं नाही, निश्चिंत असा.) त्याला म्हटलं, मला आयोरीची पॉवर शिकव. खाली, तिरपं, पुढे. मग तसंच परत फिरून तिरपं, खाली, तिरपं, मागे. आणि त्यावर मुक्क्याचं बटण. चाळीस मिनिटं घासलं. दोनदा निघाली, आणि दुसऱ्या वेळी मी इतक्या जोरात ओरडले की बहीण स्वयंपाकघरातून धावत आली. तेव्हा त्यात काय मजा आहे ते मला थोडंफार कळलं आहे असं धरून चाला.

भाच्यानं मग गणित सांगितलं. पडद्यावर सेकंदाला साधारण ६० चित्रं येतात. माणूस ती कमांड फिरवतो तेव्हा प्रत्येक दिशेवर अंगठा कधी दोन चित्रं रेंगाळतो, कधी तीन, कधी एखादी दिशा गाळतोच. बटणावर बसवलेली कमांड सात दिशा सात चित्रांत उरकू शकते. म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात, आणि दरवेळी अगदी तशीच. तो पोरगा ज्या वेगामागे लागला आहे तो कुठल्याही अंगठ्याचा नाही. आणि जमत नाही म्हटल्यावर तो खोट कुठे शोधत असेल? स्वतःच्या हातात. कारण दादांनी सांगितलंय, हात बसला की येते.

आता तुमची कारणं बघू. तीन दिली आहेत.

लॅगचं कारण मला पटलं नाही. तुम्ही लोक ज्या सोयीवर हे जुने गेम ऑनलाइन खेळता तिला रोलबॅक म्हणतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. टोनी कॅनन नावाच्या एका फायटिंग गेमवेड्या प्रोग्रामरनं जीजीपीओ म्हणून ते तयार केलं आणि २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. त्यातली युक्ती मला फार आवडली. समोरच्यानं काय दाबलं ही बातमी यायला उशीर होत असेल, तर कम्प्युटर वाट बघत बसत नाही. अंदाज बांधतो, खेळ पुढे नेतो. अंदाज चुकला तर दोन-चार चित्रं मागे जाऊन गुपचूप दुरुस्ती करतो. पण तुम्ही स्वतः जे दाबता ते तुमच्याच मशीनवर वाचलं जातं, त्याला चंद्रपूरची वाट बघावी लागत नाही. नेट वाईट असेल तर समोरचा खेळाडू इथून तिथे टुणकन उडाल्यासारखा दिसेल, तुम्ही चुकीच्या क्षणी पॉवर माराल, हे सगळं मान्य. पण पॉवर *निघतच* नाही, याचं खापर नेटवर फोडू नका. आणि लॅग असलाच तर तो त्या पोरालाही होता.

अंगठ्याचं दुखणं मात्र खरं आहे असं मी धरते. त्याच्यासाठी सोय मागणं हा तुमचा हक्क होता. भाच्यानं 'स्ट्रीट फायटर ६' दाखवला, २०२३ चा नवा गेम. त्यात मॉडर्न नावाची पद्धत कंपनीनंच ठेवली आहे. एका बटणावर कमांड निघते, पण तशी काढलेली चाल समोरच्याला वीस टक्के कमी लागते. मोठ्या स्पर्धांमध्येही ती चालते. म्हणजे सोयीला कोणाची ना नाही. सोय सगळ्यांना दिसते, तिची किंमत ठरलेली आहे, आणि समोरच्याला माहीत असतं की आपण कशाशी लढतोय. तुमच्या ग्रुपमध्येही दोन बटणं एकत्र दाबायची असतील तर ती एका बटणावर ठेवायला बहुधा हरकत नसेल. बऱ्याच ठिकाणी नसते. अख्ख्या कमांडला असते. तुम्ही ग्रुपमध्ये विचारलं असतं, 'अंगठा गेलाय, काय करता येईल?' तर दहा उपाय आले असते. स्टिक घ्या, कीबोर्डवर खेळा, नुसत्या बटणांचा कंट्रोलर येतो तो बघा. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला अंगठा बरा करायचा नव्हता. तुम्हाला बर्डीवरची ती रांग परत हवी होती, मागे उभी राहून बघणारी.

आणि हो, 'फक्त शेवटच्या तीन-चार गेममध्ये' असं लिहिलंय. ते बटण तुम्ही फायनल चालू असताना तर बसवलं नसेल ना? ते आधीपासून तिथे होतं. ग्रुपमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा याचं खरं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. सेमीफायनलला, साखळी सामन्यांत एकदाही दाबलं नसेल तर तसं सांगा. दाबलं असेल तर तेही सांगा.

तिसरं कारण, अठ्ठावीस वर्षं जुना गेम, कोणाचं काय बिघडलं. मला सगळ्यात जास्त राग याचा आला.

नवा गेम असेल तर त्याच्यामागे कंपनी असते. चोरी पकडणारं सॉफ्टवेअर असतं, दर महिन्याला दुरुस्त्या येतात, खात्यांवर बंदी येते. तुमचा गेम १९९७ मध्ये जसा निघाला तसाच आहे. त्याला कोणी वाली नाही. त्याचा पंच, संघटना, नियमपुस्तक जे काही आहे ते म्हणजे तुम्ही ३२ जण आणि एकमेकांवरचा तुमचा विश्वास. तेवढाच माल आहे दुकानात.

भाच्यानं मला टेट्रिसची गोष्ट सांगितली, ती तुमच्या कामाची आहे. निन्टेन्डोच्या जुन्या मशीनवरचा टेट्रिस १९८९ चा. त्याच्या २९ व्या लेव्हलला ठोकळे इतक्या वेगानं पडतात, की वर्षानुवर्षं लोक म्हणायचे, इथे माणसाचं काम संपलं. बटण दाबून धरलं तर ठोकळा कडेला पोचायच्या आत खाली पडतो. मग काही जणांनी दाबून धरण्याऐवजी अंगठा थरथरवत टकटक मारायला सुरुवात केली. २०१८ ची जागतिक स्पर्धा जोसेफ साली नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं याच पद्धतीनं जिंकली. त्यानंतर रोलिंग आलं. अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखं वाजवायचं. आणि २१ डिसेंबर २०२३ ला विलिस गिब्सन, वय वर्षं १३, लेव्हल १५७ ला पोचला आणि गेमच बंद पडला. चौतीस वर्षं जुना गेम. त्याआधी तिथवर फक्त कम्प्युटर प्रोग्राम पोचले होते.

आता विचार करा, मधल्या काळात एखाद्या नावाजलेल्या खेळाडूनं गुपचूप टर्बो बटण (दाबून धरलं की आपोआप टकटक मारणारं) वापरलं असतं आणि विचारणाऱ्यांना सांगितलं असतं, हात बसला की येते. अंगठ्याला काय जमतं आणि काय नाही, याची सगळी मोजमापंच खोटी पडली असती. त्या पोरांनी नवी पद्धत शोधली, कारण आधीच्यांचे आकडे खरे होते. जुना गेम बदलत नाही, म्हणून तर त्यात माणूस मोजता येतो. तुमच्या ग्रुपमध्ये सध्या आयोरीच्या पॉवरचं सगळ्यात वरचं माप एका मशीनचं आहे, आणि त्यावर तुमचं नाव आहे.

मशीनच्या मदतीनं खेळणारेही आहेत बरं का. एकेक चित्र थांबवून, कुठल्या चित्रावर कुठलं बटण ते लिहून, माणसाला कधीच जमणार नाही असा खेळ रचतात. त्याला टूल-असिस्टेड म्हणतात. त्यांचे कार्यक्रम होतात, लोक टाळ्या वाजवतात, कारण पाटीवरच लिहिलेलं असतं की हे हाताचं नाही. तुमचं बटण आणि त्यांचं बटण यात तारांचा काही फरक नाही, फरक फक्त त्या पाटीचा.

पकडले जाल का? जाल, असा माझा अंदाज आहे. तुमच्या खेळाचे रीप्ले राहतात, ते परत लावता येतात. कोणी चिकाटीनं एकेक चित्र मोजलं तर दरवेळी तंतोतंत सारखी निघणारी कमांड लपत नाही. जुन्या गेमवाल्यांची चिकाटी तर विचारू नका. अटारीच्या 'ड्रॅगस्टर'मधला ५.५१ सेकंदांचा विक्रम १९८२ पासून नोंदवलेला होता. लोकांनी गेमचा कोड उसवून दाखवलं, की ५.५७ च्या खाली जाताच येत नाही. २०१८ मध्ये तो विक्रम यादीतून काढला गेला. छत्तीस वर्षांनी!

पण पकडले जाल म्हणून सांगा, असं मी म्हणणार नाही. त्याचं कारण मला माझ्यापुरतं माहीत आहे.

१९८४ साली महालातल्या आमच्या वाड्यात गणपतीत कॅरमची स्पर्धा होती. फायनलला मी आणि खालच्या बिऱ्हाडातली एक मैत्रीण. राणी पॉकेटच्या तोंडाशी अडली होती. स्ट्रायकर लावायला वाकले, ओढणीचं टोक सरकलं आणि राणी आत गेली. बघणाऱ्यांना वाटलं मी मारली. मी तोंड उघडलं नाही, कव्हर घेतलं, स्टीलचा डबा जिंकला. भाऊ, मला छान झोप लागली. नंतरही लागत आली. बारा वर्षांनी एका लग्नात ती भेटली, म्हणाली, "काय शॉट होता गं तो!" मी हसून बुंदीचा लाडू उचलला. तो डबा अजून घरात आहे, त्यात मेतकूट असतं. लपवलेलं मनाला खातं वगैरे लोक म्हणतात, माझा तसा अनुभव नाही. बहुतेक वेळा ते पचतं.

फरक एवढाच, की ती मैत्रीण घरी जाऊन तो शॉट शिकत बसली नाही.

म्हणून तुमची झोप तुमच्यापाशी ठेवा, मला चंद्रपूरची घाई आहे. आधी त्याला फोन करा. मेसेज नको, व्हॉइस नोट नको, फोन. ग्रुपवर टाकायच्या आधी. तो दुकानात असेल तर रात्री करा. आणि पहिल्या वाक्यात सांगा: 'तुझ्या हातात काही खोट नाही, ती पॉवर मी बटणावर बसवली होती.' फायनलचं, पैशाचं, माफीचं त्याच्यानंतर. तो काय म्हणेल ते मला सांगता येत नाही. कदाचित शिव्या देईल, चंद्रपूरच्या पोरांचा त्यात हात चांगला बसलेला असतो. ऐकून घ्या. 'अरे अंगठा दुखत होता बे' हे मधे घालू नका. ते खरं असलं तरी त्या फोनवर त्याची जागा नाही. कदाचित तो म्हणेल, जाऊ द्या ना दादा, कोणाला सांगू नका. त्यानं तुम्ही हुरळाल. तरी ग्रुपवर सांगायचंच, कारण बाकीच्या तीस जणांच्या वतीनं त्याला माफ करता येत नाही.

ग्रुपवर लांबण लावू नका. असं काही पुरे: 'लीगच्या फायनलमध्ये मी आयोरीची पॉवर एका बटणावर बसवून वापरली. हे नियमाविरुद्ध आहे हे मला माहीत होतं. निकाल रद्द करा. बक्षिसाचे पैसे मी आज पाठवतो. समितीत मी येत नाही. काही विचारायचं असेल तर विचारा, मी इथेच आहे.' शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. कबुली देऊन लगेच ग्रुप सोडणारे मी खूप बघितलेत. मागे राहिलेले मग त्यांचीच समजूत घालत बसतात. तुम्ही थांबा, दोन दिवस बोलणी खा. बाहेर काढायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

पैशांचा हिशोब मी मांडून बघितला. तुम्ही बाद झालात की पोरगा पहिला, तिसरा दुसरा, चौथा तिसरा. पोराला ८०० मिळाले आहेत, त्याला आणखी १२०० द्यायचे. तिसऱ्याला ४०० मिळालेत, त्याला आणखी ४००. चौथ्याला ४००. झाले बरोबर २०००. अर्थात सेमीफायनलला बटण वापरलं नसेल तरच हा हिशोब. रेटिंगचंही तसंच. तुम्ही बुद्धिबळासारखं म्हणालात, म्हणजे ती ईलो पद्धत असणार. अर्पाद ईलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची, १९७० पासून फिडे, म्हणजे बुद्धिबळाची जागतिक संघटना, तीच वापरते. दिव्या देशमुखच्या गावात रेटिंग म्हणजे काय ते कोणाला समजावून सांगायला नको. त्यात एकाचे गुण वाढतात ते दुसऱ्याच्या खात्यातून येतात. तुमच्याकडे आलेले त्या पोराचे आहेत, तेही वळते करायला सांगा. तो बहुधा पैशापेक्षा त्यांनीच जास्त खूश होईल.

पैशांवरून एक आठवलं, ते तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात. शंभर-शंभर रुपये भरून त्यातूनच बक्षीस वाटणं आता तितकं साधं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेनं खेळलेला ऑनलाइन खेळ त्यात बंदीखाली येतो, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. ई-स्पोर्ट्सना वेगळं काढलं आहे, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते, आणि बत्तीस दोस्तांच्या ग्रुपकडे ती असेल असं मला वाटत नाही. पुढच्या लीगआधी एखाद्या वकिलाला विचारा. तोवर नुसत्या ट्रॉफीवर खेळा. तुमच्या समितीनं आधी हे काम हाती घ्यावं. प्रमुख दुसरा कोणी असू दे.

बायकोला त्याच रात्री सांगा, फोन करायच्या आधी. पत्रात तिच्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. मागच्या हिवाळ्यापासून रात्री उशिरापर्यंत टकटक ऐकणारी बाई आहे ती, तिला तुमच्या अंदाजापेक्षा जास्त माहीत असेल.

मुलीचं अवघड आहे, आणि मला त्यात फार हुशारी दाखवता येत नाही. ट्रॉफी तिच्या नकळत टीव्हीशेजारून उचलू नका एवढं नक्की. नऊ वर्षांच्या पोरीला चीटिंग म्हणजे काय ते नीट कळतं, वर्गात रोज त्यावरून भांडणं होतात. 'बाबानं चीटिंग केली होती, ही ट्रॉफी त्या दादाची आहे, आपण द्यायला जाऊ' एवढं सांगा आणि ती जे विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या. रडली तर रडू द्या. आणि खरंच जा. कुरिअर करू नका. गणेशपेठच्या स्टँडवरून चंद्रपूरला गाड्या आहेत, दीडशे किलोमीटर, सकाळी निघालात तर रात्री घरी याल. मात्र फोनवर तो 'या' म्हणाला तरच. त्याच्या बापाच्या दुकानात न कळवता जाऊन उभे राहू नका.

गेलात तर कंट्रोलर सोबत न्या. पार्लर बंद झाल्यापासून तुम्ही कोणाच्या शेजारी बसून हा गेम खेळला आहात का? पत्रावरून वाटत नाही. एका पडद्यासमोर बसा, बटण साफ काढून टाका, दहाचा एक सेट खेळा. हराल, बहुधा वाईट हराल. मुलीला तेही बघू दे. तो पोरगा तुमच्या हाताकडे बघेल, तुम्ही त्याच्या. तुमची पॉवर किती वेळा चुकते ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आणि तो अंगठा डॉक्टरला दाखवा. मनगटाकडच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि अंगठा आत घेऊन मूठ मिटून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ येत असेल, तर अंगठा हलवणाऱ्या कंडरांभोवतीचं आवरण सुजलेलं असू शकतं. लहान बाळांच्या आयांना होतं, आता मोबाइलवाल्यांनाही होतं. पट्टा आणि थोडे दिवस विश्रांती यानं बरेच जण बरे होतात. हाडांच्या डॉक्टरकडे जा, बाम चोळत बसू नका. चंद्रपूरला जायच्या आधी दाखवलंत तर बरं, नाहीतर तिथे खेळायचं कसं?